आडनावाचे गाव आणि गावाचे आडनाव : परभणी जिल्ह्यातील आडनावांचा इतिहास

एखादे आडनाव कोणत्या प्रदेशात दाट आढळते, कोठे विरळ होत जाते आणि ते धारण करणारी कुटुंबे कोणत्या काळात कोठून कोठे गेली, या प्रश्नांची उत्तरे काही देशांत खानेसुमारीच्या मूळ कागदांवरून मिळू शकतात. आयर्लंडचे उदाहरण या बाबतीत नेहमी दिले जाते. तेथील नोंदणी खात्यातील अधिकारी रॉबर्ट मॅथेसन याने १८९० सालच्या जन्मनोंदींच्या आधारे १८९४ साली आडनावांवरील एक खास अहवाल प्रसिद्ध केला आणि त्यात मर्फी हे आडनाव सर्वांत मोठे ठरवून ते लावणाऱ्यांची संख्या सुमारे ६२,६०० असल्याचा अंदाज दिला. एकोणिसाव्या शतकातील तेथील बहुतेक खानेसुमारीपत्रके आगीत किंवा सरकारी बेपर्वाईत नष्ट झाली असली, तरी १९०१ आणि १९११ या दोन वर्षांची घरोघरची पत्रके शाबूत राहिली आणि ती सर्वांना पाहण्यास खुली आहेत. परभणी जिल्ह्याच्या बाबतीत असा एकही कागद हाती नाही. या जिल्ह्यात माणसे जवळजवळ दीडशे वर्षांपासून मोजली जात आहेत, त्यांची जात, धर्म, भाषा आणि धंदा यांचे तक्ते छापले गेले आहेत. परंतु आडनाव हा मोजण्याचा विषय कधीच झाला नाही, आणि म्हणूनच येथील आडनावांचा इतिहास खानेसुमारीच्या बाहेरच्या कागदांतून जुळवावा लागतो.

परभणी हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानातील जिल्हा होता. या संस्थानातील पहिली नियमित खानेसुमारी, जिला तेथील दफ्तरी उर्दूत मर्दुमशुमारी म्हणत, १८८१ साली झाली आणि पुढे दर दहा वर्षांनी ती ब्रिटिश हिंदुस्थानच्या खानेसुमारीबरोबरच होत राहिली. १८९१ साली परभणी जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाखांच्या वर होती, ती १९०१ साली साडेसहा लाखांच्याही खाली आली. या घसरणीचे मुख्य कारण शतकाच्या अखेरीस पडलेले दुष्काळ आणि त्यांच्यामागून आलेली रोगराई हे होते. आडनावांच्या अभ्यासकाला हा आकडा महत्त्वाचा वाटतो, कारण दहा वर्षांत जिल्ह्याची दीड लाखांहून अधिक माणसे कमी होतात तेव्हा कित्येक घराणी निर्वंश झालेली असतात, कित्येक परागंदा होऊन दुसऱ्या मुलखात नव्या नावाने स्थिरावलेली असतात. तक्त्यात मात्र केवळ बेरीज उरते. कोणत्या भावकीचे, म्हणजे एकाच पुरुषापासून वाढलेल्या घरांच्या समूहाचे, किती उंबरे बंद झाले हे त्यावरून सांगता येत नाही.

नावे का उरली नाहीत, याचे उत्तर मोजणीच्या पद्धतीत सापडते. गणनेच्या वेळी प्रगणक घरातील प्रत्येक माणसाचे नाव पत्रकात लिहीत असे, कारण कोणी सुटू नये किंवा दोनदा मोजले जाऊ नये यासाठी नावाची गरज होती. परंतु पुढच्या टप्प्यात ते नाव निरुपयोगी ठरत असे. १९०१ पासून हिंदुस्थानात चिठ्ठ्यांची पद्धत सुरू झाली. तिच्यात प्रत्येक माणसाचा तपशील एका स्वतंत्र चिठ्ठीवर उतरवून, धर्मानुसार निरनिराळ्या रंगांच्या त्या चिठ्ठ्या लिंग, वय, विवाहस्थिती, जात आणि धंदा यांप्रमाणे वेगवेगळ्या खणांत टाकून मोजल्या जात. एकदा तक्ते तयार झाले की मूळ पत्रके आणि चिठ्ठ्या सांभाळण्याचे कारण उरत नसे, आणि त्या नष्ट केल्या जात. जातींचे संपूर्ण तक्ते १९३१ पर्यंत प्रसिद्ध झाले. त्याच काळात, १९२० साली, सय्यद सिराज-उल-हसन यांनी निजामाच्या मुलखातील जातीजमातींवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात अनेक जातींच्या कुळ्यांच्या, म्हणजे ज्यांच्या आत आपसांत लग्न होत नाही अशा गटांच्या, याद्या दिल्या. या कुळ्यांपैकी पुष्कळ नावे आज आडनावे म्हणून ओळखली जातात. मात्र त्या ग्रंथातून कोणती कुळी कोणत्या जातीत आहे एवढेच कळते. ती परभणी तालुक्यात किती आणि जिंतूर तालुक्यात किती, हे त्यावरून काढता येत नाही.

जमिनीच्या दफ्तरात नावे टिकली, परंतु तेथेही आडनाव असेलच असे नाही. निजामी अमलातील गावपातळीवरच्या कागदांत माणसाची ओळख बापाच्या नावाने दिली जाई. पुरुषाच्या नावापुढे 'वल्द' आणि बापाचे नाव, विवाहित स्त्रीच्या नावापुढे 'जौजे' आणि नवऱ्याचे नाव, त्यानंतर जात आणि राहण्याचे गाव, असा नोंदीचा साचा असे. 'रामा वल्द गोविंदा' एवढ्या नोंदीवर शेताचा सारा वसूल होत असे, आणि एका गावात दोन रामा वल्द गोविंदा निघाले तरच आडनाव किंवा एखादे टोपणनाव जोडण्याची वेळ येई. त्यातच लिपीची अडचण होती. पटवारी आपला हिशेब मराठीत, बहुधा मोडीत ठेवी, तर १८८०च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतल्यानंतर तहसिलीपासून वरचे दफ्तर उर्दूत चाले. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिले जात नाहीत आणि मराठीतील 'ळ'साठी वेगळे अक्षर नाही. त्यामुळे काळे हे आडनाव त्या दफ्तरात 'काले' होते, आणि पुढे ते पुन्हा देवनागरीत उतरवताना वाचणाऱ्याच्या अंदाजावर सारे अवलंबून राहते. जुन्या नोंदीत आडनाव सापडत नाही याचा अर्थ ते घराणे त्या गावात नव्हते असा काढणे म्हणूनच धोक्याचे आहे.

जी आडनावे कागदावर फार पूर्वीपासून ठळक दिसतात ती वतनाची आहेत. वतन म्हणजे सरकारी किंवा गावकीचे काम वंशपरंपरेने करण्याचा हक्क आणि त्याबद्दल मिळणारे उत्पन्न. गावाचा प्रमुख पाटील, गावाचा हिशेबनीस कुलकर्णी, अनेक गावांच्या परगण्याचा प्रमुख देशमुख आणि परगण्याचा हिशेबनीस देशपांडे, अशी ही मांडणी होती. वतनाला या भागात किती मोल होते हे पाथरीच्या इतिहासावरून दिसते. अहमदनगरच्या निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याचा बाप मलिक हसन हा मूळचा ब्राह्मण होता आणि त्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते, असे फिरिश्ता या इतिहासकाराने नमूद केले आहे. मलिक अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा याने वऱ्हाडच्या इमादशाहाकडे पाथरीची मागणी केली, ती फेटाळली गेल्यावर १५१८ साली ते ठाणे जिंकले, आणि ते हातचे गेल्यानंतर पुढे १५२७ च्या सुमारास पुन्हा मिळवले. पाथरी हे संपन्न ठाणे होते हे खरे. परंतु धर्म, नाव आणि मुलूख बदलल्यानंतरही एका राजघराण्याने आपल्या मूळ गावाची आणि त्या गावातील वतनाची आठवण राजकारणात पुढे केली, ही गोष्ट वतनाचे मोल सांगणारी आहे.

वतनी आडनावांवरून रक्ताचे नाते काढता येत नाही, ही त्यांची मोठी मर्यादा आहे. प्रत्येक परगण्याला देशमुख होता, त्यामुळे देशमुख हे आडनाव परस्परांशी काही संबंध नसलेल्या अनेक घराण्यांत, ब्राह्मण, मराठा, लिंगायत आणि मुसलमान अशा निरनिराळ्या समाजांत आढळते. देशमुखांच्या सोयरिकीत म्हणूनच मूळ कुळी विचारली जाते आणि कुळ्या भिन्न असल्यास देशमुखाची मुलगी देशमुखाच्याच घरी देण्यास हरकत नसते. निजामाचा दिवाण पहिला सालारजंग याने १८६०च्या दशकात जिल्हाबंदी, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत विभागणी, करून वसुलीचे काम पगारी तहसीलदारांकडे सोपवले. तेव्हा देशमुख आणि देशपांडे यांचा अधिकार गेला आणि त्यांना रुसूम, म्हणजे ठरावीक रोख रक्कम, तेवढी मिळत राहिली. गावपातळीवर माली (महसुली) पाटील, पोलीस पाटील आणि पटवारी ही पदे मात्र चालू राहिली. अधिकार संपल्यावर पदाचे नाव आडनाव म्हणून अधिकच घट्ट झाले, कारण आता ते कामाची खूण न राहता प्रतिष्ठेची खूण बनले होते. याच्या उलट टोकाला एक साहित्यिक उदाहरण आहे. सातोना येथे १९१३ साली जन्मलेले आणि परभणीत नोकरी करणारे कवी-कादंबरीकार भगवान रघुनाथ कुलकर्णी यांनी बी. रघुनाथ या नावाने लिहिले, आणि आज परभणी त्यांना त्याच नावाने ओळखते. स्वतःचे नाव आणि बापाचे नाव एवढीच ही ओळख आहे. जुन्या दफ्तरातील नोंदीसारखीच तिच्यात आडनावाला जागा नाही.

दुसरा मोठा वर्ग गावावरून पडलेल्या, 'कर' प्रत्यय लागणाऱ्या आडनावांचा आहे. जिंतूरकर, सेलूकर, पाथरीकर, मानवतकर, गंगाखेडकर, सोनपेठकर, चारठाणकर, बोर्डीकर, वरपूडकर अशी ही यादी जिल्ह्याच्या नकाशावरून वाचता येते. अशा आडनावाचा जन्म बहुधा गावाबाहेर होतो. जिंतुरात राहणाऱ्या प्रत्येकालाच जिंतूरकर म्हणता येत असल्यामुळे तेथे त्या नावाने कोणाची वेगळी ओळख पटत नाही. तो माणूस वकिलीसाठी, नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी नांदेडला, औरंगाबादला किंवा हैदराबादला गेला की तेथील लोक त्याला त्याच्या गावाने ओळखू लागतात आणि शाळेच्या पटावर तेच नाव चढते. आज हिंगोली जिल्ह्यात असलेली कुरुंदा आणि नांदापूर ही गावे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात होती. विचारवंत नरहर कुरुंदकर यांचे कार्यक्षेत्र नांदेड होते आणि त्यांचे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. मामा-भाच्यांची ही दोन्ही आडनावे मराठी वाचकांना परिचित झाली ती त्या गावांच्या बाहेर. २०२० साली महासाथीच्या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे डॉ. रमण गंगाखेडकर दूरचित्रवाणीवर दररोज दिसू लागले, तेव्हा संत जनाबाईंच्या गंगाखेडचे नाव आडनावाच्या रूपाने देशभर ऐकू गेले.

या वर्गातील आडनावांचा प्रसार नकाशावर मांडला तर एक वैशिष्ट्य दिसेल : ज्या गावाचे नाव आडनावात आहे त्या गावात ते विरळ आणि आजूबाजूच्या शहरांत दाट असेल. ज्या घराण्याची एक शाखा गावात राहिली आणि दुसरी बाहेर गेली, त्या घराण्यात गावातले भाऊबंद कदम, कुलकर्णी किंवा देशमुख राहतात आणि शहरातले 'कर' होतात; काही जण दोन्ही नावे जोडून लावतात, आणि जिल्ह्यातील निवडणुकांच्या उमेदवार याद्यांत अशी जोडनावे अनेकदा दिसली आहेत. शिवाय एकाच गावातून बाहेर पडलेल्या भिन्न जातींच्या कुटुंबांना एकच आडनाव पडते. पिंपळगाव, बोरी, वडगाव, टाकळी ही गावनावे मराठवाड्यात ठिकठिकाणी असल्यामुळे पिंपळगावकराचे पिंपळगाव कोणते हे आडनावावरून ठरवताच येत नाही.

नेमक्या याच अडचणीतून तिसरा आणि अभ्यासकाला फार उपयोगी असा प्रकार निर्माण झाला आहे. एकाच नावाची अनेक गावे वेगळी ओळखता यावीत म्हणून महसुली दफ्तराने त्यांना जोडशब्द लावले, आणि त्यांतील पुष्कळ जोडशब्द आडनावे आहेत. पूर्णा तालुक्यातील धानोरा काळे, देऊळगाव दुधाटे आणि पिंपळा लोखंडे, मानवत तालुक्यातील देऊळगाव अवचार, परभणी तालुक्यातील पिंपळगाव ठोंबरे ही गावे या प्रकारची आहेत. येथे गावाने माणसाला नाव दिलेले नसून भावकीने गावाला दिले आहे. पाटीलकी ज्या भावकीकडे होती किंवा पांढरीत, म्हणजे गावठाणात, ज्या भावकीची घरे अधिक होती, तिच्या नावाने शेजारची गावे त्या गावाला ओळखू लागली आणि सरकारने ती ओळख कायम केली. 'कर' आडनाव स्थलांतराची साक्ष देते, तर असे गावनाव एका भावकीच्या दीर्घ वास्तव्याची साक्ष देते. ज्या खानेसुमारीने आडनाव कधी मोजले नाही, तिच्याच गावनिहाय याद्यांत ही आडनावे छापली गेली आहेत, आणि जिल्ह्याच्या आडनावांच्या भूगोलातील निश्चित टिंबे म्हणून त्यांचा वापर करता येतो.

जात आणि आडनाव यांची सांगड घालताना मात्र फार जपावे लागते. पवार, चव्हाण आणि जाधव ही आडनावे मराठा समाजात आहेत, तशीच जिंतूरच्या डोंगरपट्ट्यातील तांड्यांवर राहणाऱ्या बंजारा समाजातही आहेत, कारण त्या समाजाच्या प्रमुख गोत्रांत राठोडांबरोबर हीच नावे येतात. भालेराव हे आडनाव ब्राह्मण, मराठा आणि बौद्ध अशा तिन्ही समाजांत मिळते. मुसलमानांत शेख, सय्यद, मिर्झा आणि पठाण ही नावे पुष्कळदा व्यक्तिनामाच्या आधी लागतात, तर अत्तार, तांबोळी, बागवान, मणियार ही धंद्याची नावे मागे येतात. त्यामुळे आडनावाच्या अकारविल्हे यादीत एकाच घरातील दोन भाऊ दोन ठिकाणी सापडू शकतात. मनमाड-हैदराबाद रेल्वेमार्ग १९००च्या सुमारास सुरू झाल्यावर सेलू, मानवत आणि परभणी या कापसाच्या बाजारपेठा वाढल्या. त्यांच्या वाढीबरोबर मारवाडी व्यापाऱ्यांची वस्तीही वाढली, आणि राजस्थानातून आलेली राठी, काबरा, सोमाणी यांसारखी आडनावे येथील पेठांत रुळली. १९५६च्या धर्मांतरानंतर तर एक वेगळेच चित्र उभे राहिले. महाराष्ट्रातील बौद्धांची संख्या १९५१ साली नगण्य होती, ती १९६१च्या खानेसुमारीत सुमारे २८ लाख झाली. त्या सर्व कुटुंबांचा धर्माचा रकाना दहा वर्षांत बदलला, परंतु कांबळे, खंदारे, वाघमारे, गायकवाड ही त्यांची आडनावे बहुतांशी तीच राहिली.

आडनाव सर्व माणसांना सक्तीने चिकटले ते स्वातंत्र्योत्तर काळात, आणि त्याला शाळा, मतदार यादी आणि सातबारा ही तीन कारणे झाली. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, अमक्याची बायको किंवा तमक्याची आई एवढीच ओळख सांगणाऱ्या देशभरातील सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली. 'जौजे' लिहिण्याच्या काळातील सवय नव्या राज्यव्यवस्थेला चालणार नव्हती. त्याच सुमारास, १९५१च्या खानेसुमारीतील माहिती गावोगाव उतरवून राष्ट्रीय नागरिक नोंदवही तयार करण्यात आली. गणनेतील नावे कागदावर राहिली असा हा अपवादात्मक प्रसंग होता. खानेसुमारीची मूळ पत्रके मात्र १९४८च्या खानेसुमारी कायद्याने बंदच ठेवली : त्याच्या १५व्या कलमानुसार ती कोणाला पाहता येत नाहीत आणि सर्वसाधारणपणे पुरावा म्हणून न्यायालयातही चालत नाहीत. आयर्लंडमध्ये शंभर वर्षांनंतर ज्या कागदातून लोक आपला पणजा शोधतात, त्या कागदाला येथे गुप्ततेची हमी दिलेली आहे.

या इतिहासाचे महत्त्व अलीकडच्या काळात अनपेक्षितपणे वाढले. मराठवाड्यातील मराठा कुटुंबांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. खासरा पत्रके, पाहणी पत्रके, कुळ नोंदवह्या, जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळांचे प्रवेश निर्गम उतारे आणि १९५१ची नागरिक नोंदवही असे कागद तपासले जाऊ लागले, आणि उर्दू व मोडी वाचणाऱ्यांना तहसिलीत मागणी आली. पुढे २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे कार्यवाहीचा शासन निर्णय निघाला. गॅझेटियर हा प्रदेशाची माहिती देणारा सरकारी ग्रंथ असून त्यातील जातनिहाय आकडे खानेसुमारीवरून घेतलेले असतात. जिल्ह्यात कुणबी किती होते हे त्यात आहे, ते कोण होते हे त्यात नाही. एखाद्या कुटुंबाला त्या आकड्याशी जोडायचे तर गाव, बापजाद्यांची नावे आणि भावकी यांचीच साखळी लागते.

परभणीच्या आडनावांचा शास्त्रशुद्ध अभ्यास म्हणून निरनिराळ्या कागदांची सांगड घालूनच होऊ शकतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूचे गाव, आडनाव आणि पिढ्यांची नावे एकत्र मिळतात. खासरा पत्रक शेत आणि कब्जेदार दाखवते. शाळेच्या दाखल्यावरून आडनाव कोणत्या पिढीत पक्के झाले ते कळते. आणि आजच्या मतदार याद्यांवरून ते कोठवर पसरले हे मोजता येते. या चारही कागदांत एकच घराणे चार वेगळ्या रूपांत भेटण्याचा संभव असतो. एका जागी ते 'वल्द' असते, दुसऱ्या जागी देशमुख, तिसऱ्या जागी कदम आणि शहरात गेल्यावर 'कर'. यांतील कोणतेही एक रूप खरे आणि बाकीची खोटी असे मानण्याचे कारण नाही. प्रत्येक नोंद लिहिणाऱ्याला त्या क्षणी माणसाबद्दल जे जाणून घ्यायचे होते तेच त्याने लिहिले. सारा वसूल करणाऱ्याला बाप हवा होता, परगण्याला हुद्दा, सोयरिकीला कुळी आणि परगावाला गाव. त्यामुळे आडनावांची संख्या काढण्यापूर्वी ते आडनाव कोणत्या कागदावर आणि कोणाच्या सोयीसाठी लिहिले गेले हे ठरवणे, ही या जिल्ह्याच्या इतिहासलेखनाची पहिली पायरी ठरते.